अबोला

चित्रपटावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी घेऊन एम.ए. केले, १९९३ साली या गावच्या मराठी हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झालो आणि आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हजेरीपट, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बिसीऊटाच्या तांदळाचा हिशेब यांत बुडालो आहे. दिवाळी अंकासाठी दरवर्षी मी संतवाङ्मयावर नाहीतर शाळेतल्या गमतीजमतींवर काहीबाही लिहून देतो आणि संपादक ते गोड मानून घेतात. यंदा मात्र एका फ्रेंच चित्रपटाविषयी लिहितो आहे. त्याला कारण आहे आणि ते कारण माझ्या घरासमोरच्या बोळात, अवघ्या वीस पावलांवर राहते.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. दहावीला गणितात कसाबसा निघालेला हा मुलगा आता चित्रपटांचे शिक्षण घेतो. पाया पडला, चहा झाला आणि पिशवीतून लॅपटॉप काढत म्हणाला, "सर, एक पिक्चर दाखवतो. तुम्हीच म्हणायचा ना, भाषा कळल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणून? ह्यात भाषाच नाही बघा."

मी म्हटले, "मग काय मूकपट आहे की काय?"

"मूकपट नाही सर. माणसंच मुकी आहेत."

चित्रपटाचे नाव 'ल दर्निए कोंबा'. आपल्या भाषेत म्हणायचे तर 'अखेरची झुंज'. साल १९८३. दिग्दर्शक लुक बेसाँ. त्याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट आणि तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस. पुढे 'लेऑन', 'द फिफ्थ एलिमेंट' वगैरे मोठे चित्रपट काढून तो जगप्रसिद्ध झाला, पण १९८३ मध्ये त्याच्याजवळ ना नाव होते ना पैसा. कल्पना मात्र अशी की भल्याभल्या निर्मात्यांनी हात टेकावेत. सारे जग उद्ध्वस्त झाले आहे, शहरे वाळूत गाडली गेली आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली आहेत आणि त्यांची वाचा गेली आहे! हे पडद्यावर आणायचे म्हणजे केवढा खर्च! पण या पोराने काय केले, तर पॅरिसमधल्या पडक्या, ओसाड इमारती शोधून काढल्या, थोडे चित्रण ट्युनिशियाच्या वाळवंटात केले आणि सगळा चित्रपट कृष्णधवल ठेवला. रंग गेले की अर्धा कंगालपणा झाकतो, हे आमच्या गॅदरिंगच्या नाटकांनाही ठाऊक आहे. पिएर जोलिवे नावाचा मित्र बेसाँबरोबर लिहायलाही बसला आणि त्यानेच नायकाचे कामही केले. संगीत एरिक सेरा या दुसऱ्या तरुणाचे. आव्होरियाझ या गावी अद्भुत चित्रपटांचा महोत्सव भरत असे, तिथे त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाने मिळवले.

गोष्ट सांगतो, थोडक्यातच. वाळवंटाच्या मधोमध एक बहुमजली कचेरी उभी आहे. खिडक्यांतून वाळू आत आलेली. टेबले, खुर्च्या, कागद सगळे आहे, फक्त साहेब आणि कारकून नाहीत. तिथे आपला नायक एकटा राहतो. त्याला नाव नाही. असणार कसे? नाव हाक मारण्यासाठी असते आणि हाक मारणारे कुणी उरलेले नाही. इथून निसटण्यासाठी तो मिळेल त्या भंगारातून एक विमान जुळवतो आहे. जवळच मोडक्या मोटारींच्या आडोशाला एक टोळी राहते. तिचा म्होरक्या एका ठेंगू माणसाला मोटारीच्या डिकीत कोंडून ठेवतो आणि पाणी हवे असले की दोरीने विहिरीत सोडतो. त्या टोळीची बॅटरी पळवून नायक आपले विमान उडवतो आणि उजाड पॅरिसमध्ये येऊन पडतो. तिथे त्याची गाठ एका दांडगटाशी पडते. हे काम जाँ रेनोने केले आहे. त्याच्या हातून मार खाऊन अर्धमेला झालेल्या नायकाला एक वृद्ध डॉक्टर आपल्या दवाखान्यात आसरा देतो. बाहेर लोखंडी दाराशी तो दांडगट रोज नवी युक्ती लढवतो आहे आणि आत ही दोन माणसे हळूहळू एकमेकांची होत आहेत.

कशी होत आहेत, तर शब्दावाचून. दोघे मिळून स्वयंपाक करतात. टेबल टेनिस खेळतात. डॉक्टर भिंतीवर गुहेतल्या आदिमानवासारखी चित्रे काढतो. एकदा आभाळातून चक्क माशांचा पाऊस पडतो. मी हसत होतो. आणि मग ती जागा आली, जिच्यासाठी हा लेख लिहितो आहे.

डॉक्टर एका यंत्रातून नायकाला कसलासा वायू हुंगायला देतो. स्वतःही हुंगतो. दोघांचे घसे ताणले जातात, चेहरे वेडेवाकडे होतात आणि मोठ्या कष्टाने एक शब्द बाहेर पडतो. "बोंजूर." फ्रेंचमध्ये भेटल्यावर म्हणतात तो. आपला नमस्कार. एक म्हणतो, दुसरा म्हणतो. बस्स! दीड तासाच्या चित्रपटात माणसाच्या तोंडचा शब्द तेवढाच. आणि तो उच्चारल्यावर त्या दोघांना जो आनंद होतो, तो पाहताना मला एकाएकी काही दिसेनासे झाले. चष्मा काढून पुसला. विद्यार्थ्याला वाटले, स्क्रीनचा उजेड सरांना सोसत नाही.

तो गेला. मी ओट्यावर येऊन बसलो. समोर मास्तरांच्या घरात दिवा होता.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या कन्नड शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारण्याची सोय नाही. ती का नाही, ते पुढे येईलच. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ट्रंक आणि वळकटी घेऊन या गावात उतरलो, तेव्हा मला खोली त्यांनीच मिळवून दिली. त्यांची शाळा आणि आमची शाळा एकाच मैदानाच्या दोन टोकांना. मास्तर माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. सकाळी मी त्यांच्या दारावरून निघालो की आतून आवाज येई, "या सर, या. बसा, चहा घ्या." शुद्ध मराठीत. संध्याकाळी ते आमच्या ओट्याशी आले की मी म्हणे, "बर्री मास्तर, कुंदर्री." माझ्या कन्नडला ते हसत, त्यांच्या 'ळ' आणि 'ल' च्या गोंधळाला मी हसे. एकाने दुसऱ्याच्या भाषेत स्वागत करायचे, हा आमच्यातला न ठरवता ठरलेला करार होता. सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटायचे नाही. आपल्या कितीतरी बोळांत हा करार चालू आहे.

आमचा आणखी एक शौक म्हणजे कॅरम, आणि गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून पिक्चर बघणे. कुठल्या भाषेतली कॅसेट आणायची यावरून पोराटोरांत दरवर्षी भांडण होई. एका वर्षी मास्तरांनीच तोड काढली. 'पुष्पक' आणला. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ सालचा हा चित्रपट, कमल हासनचा. संपूर्ण चित्रपटात एकही संवाद नाही. त्यामुळे तो कन्नडमध्ये 'पुष्पक विमान', तमिळमध्ये 'पेसुम पडम', हिंदीत 'पुष्पक', असा नाव बदलून सगळीकडे चालला. बंगळूरच्या बड्या हॉटेलात एक बेकार तरुण श्रीमंताच्या जागी जाऊन राहतो, एवढीच गोष्ट. सारा बोळ पोट धरून हसला. मध्येच माझे लक्ष मास्तरांकडे गेले, तर ते पडद्याकडे न बघता हसणाऱ्या माणसांकडे बघत होते.

अशा माणसाशी मी दहा वर्षांहून अधिक काळ बोललो नाही.

घडले ते असे. २०१३ साली दोन्ही शाळांच्या सामाईक मैदानाला नवीन फाटक बसवायचे ठरले. फाटक आले की कमान आली, कमान आली की पाटी आली, आणि आपल्याकडे पाटी आली की काय येते, हे मी सांगायला नको. अक्षरे कोणत्या भाषेची वर, कोणाची खाली, कोणाची किती इंचांची. गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. मराठीवरच्या अन्यायाची भाषणे झाली आणि ती काही खोटी नव्हती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ही जखम आपण वागवतो आहोत, महाजन आयोग पाहिला, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पाहिले, २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेही पाहिले. मराठीतून परिपत्रके आणि दाखले मिळावेत ही मागणी मला तेव्हाही न्याय्य वाटत होती आणि आजही वाटते. त्यात तसूभर फरक नाही.

पण त्या बैठकीत मास्तर उठले. त्यांना कुणी बोलावलेले नव्हते, शेजारधर्माने आले होते. मराठीत म्हणाले, "दोन्ही अक्षरं सारख्याच मापाची करूया. आणि रंग पोरांनीच द्यावा. इकडच्या पोरांनी कन्नड पाटी रंगवावी, तिकडच्यांनी मराठी." हॉलमध्ये कुणीतरी हसले. कुणीतरी माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी मुख्याध्यापकपदाच्या उंबरठ्यावर होतो. आपण कच्चे ठरू, असे मनात आले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ही आमची बाब आहे. बाहेरच्यांनी यात पडू नये."

टाळ्या पडल्या. मास्तर क्षणभर उभे राहिले, मग चपला शोधत बाहेर गेले.

बाहेरचे! मास्तरांचा जन्म त्याच बोळातला, त्यांच्या वडिलांचाही. त्या गावात बाहेरून आलेला, ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरलेला, मी होतो. हे मला त्याच रात्री कळले. सकाळी त्यांच्या दारावरून गेलो, तेव्हा आतून आवाज आला नाही. मीही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी थांबणे अधिक अवघड झाले, महिन्याने अशक्य. अबोल्याची ही गंमत आहे. तो धरताना काही लागत नाही, सोडताना मात्र निमित्त लागते, आणि मानी माणसाला निमित्त कधीच पुरेसे वाटत नाही. फाटक बसले. पाटी लागली. ती कशी लागली, हे आता कुणाला आठवतही नसेल.

घरच्या बायकांनी हा अबोला मानलाच नाही. दिवाळीत आमच्या घरचे फराळाचे ताट वीस पावले तिकडे जाई, पंचमीला त्यांच्याकडची शेंगांची होळगी इकडे येई. मी ती खात असे. खाताना कुणाकडे बघत नसे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका रात्री बोळात रुग्णवाहिका आली. मी खिडकीशी उभा राहून सगळे पाहिले. मास्तरांना स्ट्रेचरवरून नेताना त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता. मी दाराची कडी काढली, आणि परत लावली. एवढ्या गर्दीत आपण कशाला, असे स्वतःला सांगितले. बायको जाऊन आली. म्हणाली, "जीव वाचलाय. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली."

वाचाघात म्हणतात याला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचले नाही की बहुतेक माणसांची उजवी बाजू लुळी पडते आणि त्याच बाजूला बोलण्याचे केंद्र असल्यामुळे शब्दही हरवतात. पुष्कळदा समज शाबूत असते. माणसाला समोरच्याचे कळते, काय म्हणायचे तेही ठाऊक असते, पण शब्द जिभेवर येत नाही. यातही एक चमत्कार असा, की स्वतःहून वाक्य जुळवता न येणारा रोगी कधीकधी आकडे ओळीने मोजतो, पाठ असलेले स्तोत्र म्हणतो, नमस्कार-चमत्कार करतो. आयुष्यभर घोकून गुळगुळीत झालेले शब्द विचारांच्या वाटेने येत नाहीत, सवयीच्या वाटेने येतात. हे सारे मी नंतर वाचले. तोवर सहा महिने माझ्या घरातून समोरचा दिवा बघत होतो.

'अखेरची झुंज' पाहून ओट्यावर बसलो, तेव्हा मनात आले ते एवढेच. त्या चित्रपटातल्या माणसांना बोलता येत नाही. मास्तरांना बोलता येत नाही. मला बोलता येते, आणि मी बोललो नाही. 'पुष्पक' मध्येही माणसे बोलत नाहीत, पण ती मुकी नाहीत, आपल्यालाच त्यांचे बोलणे ऐकवलेले नसते. मी या दोन्हींत कुठे बसत होतो? बाहेरून पाहणाऱ्याला मुका माणूस आणि अबोला धरलेला माणूस सारखाच दिसतो. फरक ज्याचा त्याला ठाऊक.

जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. जूनचा पहिला पाऊस लागला होता. छत्री होती तरी भिजून गेलो. एक शब्द ठरवून गेलो होतो, कन्नडमध्ये, कारण करार तसा होता. 'तप्पायतु.' चूक झाली. वहिनींनी दार उघडले आणि काही न बोलता बाजूला झाल्या. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी समोर उभा राहिलो, आणि वाचकहो, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास न अडखळता घेणाऱ्या या मुख्याध्यापकाच्या तोंडून तो एक शब्द निघेना. घसा तसाच ताणला गेला. कसाबसा निघाला, तोही अर्धा. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले. वहिनी म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं, सर." ते मला सांत्वन वाटले नाही.

चित्रपट असता तर दोघांनी तिथेच एकमेकांना मिठी मारली असती. पण त्या फ्रेंच चित्रपटातही तसे सोपे काही नाही. डॉक्टर आभाळातून पडणाऱ्या दगडांखाली मरतो. त्याने एका कोठडीत एक स्त्री लपवून ठेवलेली असते. नायकाला तो तिच्याकडे नेतो तेही डोळे बांधून. तिलाही तो दांडगट मारून टाकतो. स्त्रीला कोंडून ठेवायची वस्तू करून टाकलेली मला मुळीच रुचली नाही. पुरुषांना निदान एक शब्द तरी मिळतो, तिला तोही नाही. पहिलाच प्रसंग असा आहे की विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवण्याचा विचार मी तत्काळ सोडला. हे दोष आहेतच. तरी एक गोष्ट त्या चोवीस वर्षांच्या पोराने बरोबर ओळखली. जग बुडाल्यावर माणूस काय मागेल, तर अन्न, पाणी, आसरा, आणि लगोलग कुणीतरी भेटल्यावर म्हणायचा एक शब्द. झेंडा नाही, पाटी नाही. आपली भाषा मोठी, तिचे साहित्य मोठे, तिच्यासाठी भांडलेच पाहिजे. पण ती प्रथम सुरू होते दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणण्यासाठी, हे मराठीचा एम.ए. असून मला कुणी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी जाताना माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढून, पुसून नेला. मास्तरांनी बराच वेळ बोर्डाकडे पाहिले. मग डावा हात पुढे केला. डाव्या हाताने स्ट्रायकर सरळ जात नव्हता, माझा उजव्याने जात नव्हता. सामना बरोबरीचा होता. काही आठवड्यांनी एकदा डाव संपल्यावर मी सोंगट्या मोजायला लागलो, "ओंदु, एरडु, मूरु..." आणि 'नाल्कु' मी म्हटलेले नव्हते. आम्ही दोघेही चपापलो. मास्तर तसेच पुढे मोजत गेले, नऊपर्यंत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथणे घेऊन उभ्या होत्या.

त्यानंतर पुष्कळ दिवस काही नाही. वाचा-उपचारासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा नेतात. तिथल्या ताईंनी चित्रांची वही दिली आहे. आंबा, बैल, छत्री. मास्तर छत्रीवर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघून थोडे हसतात. मला वाटते, त्या भिजलेल्या संध्याकाळीवरून. कदाचित नसेलही.

नवरात्रात शाळेच्या गडबडीत चार दिवस जाणे झाले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो, चपला काढत होतो, तोच आतून आवाज आला. जड, अडखळता, पण स्पष्ट.

"ब... बर्री."

'या' नव्हे. त्यांची मराठी अजून परतलेली नाही. कदाचित परतणारही नाही. पूर्वी ज्या माणसाने आयुष्यभर माझ्यासाठी माझी भाषा वापरली, त्याच्यापाशी आज फक्त त्याची स्वतःची उरली आहे, तीही चिमूटभर. त्यातला एक शब्द त्यांनी मला दिला.

मी आत गेलो, समोर बसलो आणि सोंगट्या लावायला घेतल्या.